हाकेतलं तिसरं नाव

आमच्या वस्तीत पालक म्हंजे भाजी आन पाळक म्हंजे येशूच्या देवळातले साहेब. तिसरा अर्थ कुनालाच ठावं न्हवता. त्यामुळं शहान्नव साली नगरची माधुरीताई कॅसेटांची पिशवी घिऊन आली आन म्हनाली, "आपण इथं पालकशाळा सुरू करतोय," तवा निम्म्या बायांना वाटलं, आता आपल्याला पाळक करनार. रंभाजीमामा देवळाची घंटा वाजवायचा. त्यो तरातरा माझ्या दारात आला. "बाया उपदेश करनार व्हय गं छबू? मंग आमी काय चूल फुकायची?"

"फुका की," मी म्हनले. "इतकी वर्सं घंटा बडवली, एक मानूस तरी येळेवर आला का?"

माझी जीभ अशीच हाय. उचलली की टाळ्याला लागती. तिनं माझं लई नुकसान केलंय, पन आता ह्या वयात तिला कुठं टाकू?

तर पालकशाळा म्हंजे आईबापाची शाळा. पोरं कशी वाढवायची, त्याची. मास्तर न्हाई, फळा न्हाई. नगरच्या कुठल्याशा संस्थेतली बाई कॅसेटमदी बोलनार आन आमी हितं, राहुरीच्या अलीकडं, पाटाच्या कडंला बसून ऐकनार. कॅसेटच्या एका अंगाला धडा, दुसरं अंग कोरं. त्या कोऱ्या अंगात आपल्या घरातली एक सांज भरायची. माधुरीताई ती नगरला नेनार, ऐकनार आन पुढल्या खेपंला येऊन सांगनार, कुठं चुकलं. टेप आमच्याकडं हुता, म्हनून शाळा माझ्या ओसरीत भरायची.

पहिला धडा मला अजून पाठ हाय. "मुलाला लांबून ओरडून हाक मारू नका. जवळ जा, खाली बसा, डोळ्यांत बघा आणि त्याचं एकट्याचं नाव घ्या."

मला एकच लेकरू. सत्यवान, नऊ वर्सांचा. मी त्याच सांजंला त्याच्यापुढं उकिडवी बसले, डोळ्यात बघितलं आन म्हनले, "सत्या." पोरगं घाबरलंच. म्हनालं, "आई, मी काय केलं?" पन पंधरा दिसात जादू झाली बगा. खोटं बोलायचा थांबला. शाळेत मार खाल्ला तर ते बी येऊन सांगायला लागला. मी अशी फुगले, की रस्ता पुरंना. ज्या त्या बाईला गाठून सांगायची, "डोळ्यात बघ, डोळ्यात."

सत्याच्या आधी एक झाला हुता. पोरगाच. नाव ठेवायच्या आधीच गेला, बाप्तिस्मा न्हाई का काय न्हाई. त्याला कुनी मोजत न्हाई. कुनी इचारलं, लेकरं किती, तर मी 'एक' म्हनते आन इषय मोडते.

माझ्या दारासमोर मरियाचं दार. माझी चुलत जाऊ, सहादेवची बायको. तिला सहा लेकरं. तिच्या घरात ही पालकशाळा म्हंजे नुसता तमाशा झाला. एकाच्या डोळ्यात बगायला बसावं तर दुसरं चुलीत हात घालतंय, तिसरं चौथ्याच्या झिंज्या उपटतंय. मरिया घामाघूम होऊन माझ्याकडं आली.

"आक्का, त्या कॅसेटमदल्या बाईला लेकरं किती, तेवढं इचार की."

"तुला काय करायचंय?"

"इचार गं. मला वाटतं, तिला लेकरू न्हाईच. मांजर आसंल."

मी हसले. पन मनात म्हनले, हिला शिकायलाच नको. आता कळतं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मरियाची हाक म्हंजे वस्तीचं घड्याळ हुतं. दिवेलागन झाली, की ती उंबऱ्यावर उभी राहायची आन एका दमात समदी माळ ओढायची. "जॉया-नॅन्से-सुवे-रूथे-दाविद्या-आश्या-किरपेऽऽ!" नुसती आश्याला दिवा आनायला सांगायचं आसंल तरी जॉयापास्नं सुरुवात. घरात लेकरं बक्कळ आसली, की आईच्या जिभेला एकटं नाव सापडत न्हाई, अख्खी माळच हाताला येती. आन माळ ओढली, की पाटाकडनं, चिंचेखालनं, उसाच्या कडंनं "ओ, ओ" करत पोरं घराकडं पळायची.

नावं मोजली का? सात हायती. लेकरं सहा.

तिसरं नाव सुवार्ताचं. सुवी. ह्याच्या पाच वर्सं आधी ती पाटात गेली. सहा वर्सांची हुती. पानी सुटलेलं, धुन्याच्या पायऱ्यांवर तिची चप्पल निसटली आन ती चपलीमागं गेली. त्या सांजंला मरियानं रोजच्यासारखी माळ ओढली आन सुवीनं पाटाकडनं ओ दिली. "आलेऽऽ," आसंबी म्हनाली. मी माझ्या कानानं ऐकलं. मंग आलीच न्हाई. दुसऱ्या दिशी खाली, पानी सोडायच्या दारंवरच्या जाळीला सापडली. देवळामागं पुरली तिला. पन मरियाच्या माळंतनं तिचं नाव कुनी काढलं न्हाई. मधला मनी काढायचा तर दोरा तोडावा लागतो. कोन तोडनार? सहादेवचीबी छाती झाली न्हाई.

तर मरियानंबी एक सांज कॅसेटमदी भरून दिली. माधुरीताई पुढल्या खेपंला आली. समद्या बाया गेल्यावर मला आन मरियाला तेवढं थांबवलं.

"मरियाताई, तुम्ही मुलं सहा सांगितली होती ना?"

"व्हय."

"कॅसेटमध्ये सात जणांनी ओ दिलीय."

मरियाच्या हातातली पानाची चंची खाली पडली. मी पटकन म्हनले, "ताई, त्या 'सुवे'ला किरपीच दोनदा वरडली आसंल."

किरपी, म्हंजे कृपा, सगळ्यात धाकटी. चार वर्सांची. सुवी गेल्यावर झालेली. आन माझं म्हननं काय अगदीच खोटं न्हवतं. सुवीचं नाव आलं, की मरियाचा आवाज जरा ओला व्हायचा, थांबायचा. किरपीचं नाव माळंच्या शेवटाला, दम संपल्यावर, कसंबसं यायचं. पोर शानी. तिला कळलं, की ह्या माळंत माया कुठल्या नावावर हाय. ती 'सुवे' म्हनलं की ओ द्यायला लागली. बालवाडीत बाईंनी नाव इचारलं तर म्हनाली, "सुवी."

माधुरीताईनं हे ऐकलं आन तिचं तोंड उतरलं. "मरियाताई, तुमच्या या मुलीला स्वतःचं नावच नाहीये. ती दुसरीच्या नावावर जगतेय. ही हाक बंद करा. एकेकाला वेगळी हाक मारा. आणि ते तिसरं नाव... ते आता घेऊ नका."

मरिया उसळली. मऊ बाई हुती, पन त्या दिशी उसळली. "आन सुवी घरी कशी यायची?"

ताईनं कॅसेट पिशवीत टाकली.

"आले म्हनलंय माझ्या लेकरानं," मरिया म्हनाली. "न्हाई म्हनली आसती तर मी गप बसले आसते. आले म्हनलेल्या लेकराला हाक मारायची थांबू?"

ताई एश्टीला गेल्यावर मी मरियाला धरलं. लई बोलले. म्हनले, मेलेलीपायी जिती घालवशील. म्हनले, उद्या किरपीच्या लग्नात पाळकसाहेब तिचं नाव घेतील आन ही गप उभी राहील. जिभेला हाड न्हाई माझ्या. मरिया रडली आन शेवटी म्हनाली, "बरं आक्का. किरपीसाठी."

दुसऱ्या दिसापास्नं वस्तीचं घड्याळ बंद पडलं. दिवेलागन झाली, की मरिया चिंचेखाली जायची, आश्याजवळ बसायची, "आशीर्वाद, घरी चल." मंग दाविद. मंग रूथ. एकेकाला हाताला धरून आनायची. येळ लागायचा, भाकरी करपायची, पन पोरं सुधारली हे मीबी बघितलं. जॉय आईला पानी आनून द्यायला लागला. नॅन्सीचं शिव्या देनं कमी झालं. किरपीला मरिया सगळ्यात शेवटी आनायची, मांडीवर घ्यायची, "किरपे, किरपे" करायची. पोर तिच्याकडं बगत राहायची. ओ द्यायची न्हाई.

आन सांजा लई मुक्या झाल्या. खरं सांगते, मला भ्या वाटायला लागलं. ऊस सळसळायचा, पाटाचं पानी वाजायचं आन त्याच्यावर कुनाचीच हाक न्हाई. दिवा लावता लावता मी थांबायची. वाटायचं, कुनीतरी वाट बगतंय. कुनीतरी कान दिऊन उभं हाय.

मंग किरपी पाटाकडं जायला लागली. दिवेलागनीलाच. पायऱ्यांवर बसायची, पानी बगत. एकदा मीच तिला बकोटीला धरून आनली. "काय गं ए, काय ठिवलंय तितं?"

"ती बसती ना तितं," किरपी म्हनाली.

"कोन?"

"तिला आता कुनी हाक मारीत न्हाई. मंग ती रडती."

मी तिच्या तोंडावर हात ठिवला. मरियाला सांगितलं न्हाई. काय सांगू? माझीच शिकवन हुती. देवळात जाऊन गुडघ्यावर बसले, पन प्रार्थनेलाबी शब्द सुचंना.

आन मंग ती सांज आली. पाटाला नवं पानी सुटलं हुतं, काठोकाठ. मरिया पोरं गोळा करत करत शेवटाला आली आन किरपी कुठंच न्हाई. ना चिंचेखाली, ना देवळामागं, ना माझ्या ओसरीत. मरिया पाटाकडं पळाली. तिच्यामागं मी.

पायऱ्यांवर किरपीची एक चप्पल हुती. एकच.

मरिया वरडली न्हाई. कॅसेटनं शिकवलं हुतं ना, एकट्याचं नाव घ्या. ती काठावर उभी राहिली आन म्हनाली, "किरपे."

कायबी न्हाई. नुसतं पानी.

"किरपे! किरपे गं!"

ओ कशी देनार? त्या नावाला पोरीनं कधी ओ दिलीच न्हवती. चार वर्सं ती सुवीच्या नावावर जगली, आन ते नाव आमी बंद केलं हुतं. मी मरियाचा दंड धरला. "माळ वढ, मरिये! समदी माळ वढ!"

तिनं माझ्याकडं असं बघितलं! "तूच म्हनलीस आक्का..."

"मढं बसवलं त्या कॅसेटचं! आन माझंबी! हाक मार!"

मरियानं पदर कमरंला खोचला, छाती भरून घेतली. कितीतरी दिसांनी तो आवाज निघाला. "जॉया! नॅन्से!"

घराकडनं ओ आली. जॉयाची, नॅन्सीची.

मंग ती थांबली. "सुवे..."

"ओऽऽ," आली. पाटाच्या वरच्या अंगानं, पान्याच्या अगदी जवळनं. "आलेऽऽ."

मरियाला रडू फुटलं, पन ती थांबली न्हाई. "रूथे! दाविद्या! आश्या!" घराकडनं एकेक ओ येत गेली. मंग शेवटचं नाव. आज शेवटच्या नावाला दम कमी पडला न्हाई. उलट समदा दम त्याच्यासाठीच राखलेला. "किरपेऽऽ!"

"ओ!"

ही खालच्या अंगानं आली, उसाच्या कडंनं. आधीची वरनं, ही खालनं. लोक म्हनतील, भास. माझे कान शाबूत हायती. ओ दोन हुत्या.

किरपी बांधावरनं चालत आली. कमरंपत्तूर ओली. एका पायात चप्पल. आन तिचा उजवा हात बाजूला, जरा वर धरलेला हुता. धाकटं लेकरू थोरलीचं बोट धरून चालतं ना, अगदी तसा. पायऱ्यांपाशी आली तवा हात खाली पडला. तिनं मागं वळून बघितलं आन मंग येऊन मरियाच्या कुशीत शिरली.

"कुठं हुतीस गं माझे बाई?" मरिया तिला चाचपत हुती, डोकं, पाठ, पाय.

"तिच्याबरूबर." किरपी कुडकुडत म्हनाली. "तिची हाक आली. मंग माझीबी आली. ती म्हनली, ही तुझी हाय, तू जा."

त्या दिसापास्नं मरियानं आपली आपली शाळा केली. दिवसा एकेकाला एकट्याची हाक, डोळ्यात बघून. सांजंला समद्यांची माळ, सातच्या सात मनी. किरपी आता 'सुवे'ला ओ देत न्हाई, आपल्या नावालाच देती. आन 'सुवे' म्हनल्यावर मरिया एका श्वासाएवढी थांबती आन मंगच पुढं जाती. त्या श्वासात काय येतं, ते ती कुनाला सांगत न्हाई आन आमी इचारत न्हाई.

माधुरीताई पुढल्या खेपंला आली तवा मी तिला समदं सांगितलं. वाटलं, हसंल. हसली न्हाई. म्हनाली, "आमच्याकडं सगळे हेच म्हणतात, की घरात एकदोन मुलं असली की हा कार्यक्रम चांगला चालतो, मुलं वाढली की बिघडतो. का, ते कुणाला नीट सांगता येत नाही."

"लेकरं किती, ते तुमी घरात मोजता ताई," मी म्हनले. "आई घरात मोजत न्हाई. हाकंत मोजती."

ताईनं ते वहीत लिहून घेतलं. मंग मला बरं वाटावं म्हनून म्हनाली, "तुमच्या घरी मात्र छान झालं, छबूताई. एकच मूल. तुमची कॅसेट तर मी सगळ्यांना ऐकवते. एक छोटी गोष्ट आहे फक्त. तुम्ही 'सत्या' म्हणता, तेव्हा तो दोनदा ओ देतो. एकदा अगदी जवळून आणि एकदा लांबून. घराचा प्रतिध्वनी असेल."

"आसंल," मी म्हनले.

कसला प्रतिध्वनी? कॅसेट भरली तवा मी सत्याच्या पुढ्यात उकिडवी बसले हुते, गुडघ्याला गुडघा लावून. हळू नाव घेतलं हुतं. तेवढ्याला कुठलं घर घुमतं? आमचं घर म्हंजे पत्रा आन कूड.

ताई गेली. मी ओसरीत बसून राहिले. नऊ वर्सं मी 'सत्या' म्हनत हुते आन नऊ वर्सं लांबनं कुनीतरी त्या नावाला ओ देत हुतं. त्याला दुसरं नावच न्हवतं ना. धाकट्याचं नाव उसनं घेतलं हुतं त्यानं. आन मी काय म्हनायची? "मला एकच." त्याच्या देखत म्हनायची. समद्या वस्तीत मिरवत म्हनायची. मी पदर तोंडात कोंबला आन रडले. कितीतरी वर्सांचं रडू हुतं, बाहेर यायला वाट सापडंना त्याला.

दिवेलागन झाली. समोर मरियाची माळ सुरू झाली, संपली. सत्या चुलीपुढं बसून गनितं करत हुता.

"सत्या, तुला थोरला भाऊ आसता, तर त्याला काय नाव आवडलं आसतं तुला?"

त्यानं पेन्सील चावली. "शमुवेल."

"का रं?"

"बायबलातल्या शमुवेलाला देवानं हाक मारली की झोपंतनंबी उठतो ना त्यो. साहेबांनी सांगितलंय देवळात."

मी तीन ताटल्या मांडल्या. त्याचा बाप रातपाळीला हुता, तरी तीन मांडल्या. सत्यानं ताटल्यांकडं बघितलं आन परत गनितात डोकं घातलं. मी उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले. दोन नावांची हाक मारायची जिभेला सवय न्हवती. एवढी चुरूचुरू चालनारी माझी जीभ, पन टाळ्याला चिकटून बसली. बाहेर ऊस हलत हुता. कुनीतरी कान दिऊन उभं हुतं.

"शमुवेला! सत्या! चला रं, भाकरी गार व्हतीया!"

"आई, मी हितंच हाय की," सत्या मागनं म्हनाला.

"ठावं हाय मला," मी म्हनले. "तू जरा दम धर. थोरल्याला आधी येऊ दे."